काकूंनी पुरवलेली ओळ

काकूंनी उभा जन्म विंगेत काढला. नट अडला की हळूच ओळ पुरवायची, हे त्यांचं काम. प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही, ऐकलं तर मुळीच नाही. त्याचाच त्यांना अभिमान. घरीसुद्धा जावई बोलता बोलता थांबला की काकूंचा शब्द तयार. तो वैतागे, "आई, मला जरा आठवू तरी द्या!"

नव्या नाटकातलं हमालाचं एक वाक्य सरकारने कापलं. ते उच्चारलं तर परवानगी रद्द. पहिल्या प्रयोगाला, भर दुपारी, सरकारी साहेब मंजुरीच्या शिक्क्याची संहिता मांडीवर घेऊन पुढच्याच रांगेत. मंडळींचा जीव टांगणीला.

हमाल झालेला नट त्या जागेपाशी आला आणि गप्प उभा राहिला. वाक्य कापलंय, गप्प राहणं थोडंच कापलंय? ही शक्कल त्याला ऐन वेळी सुचली होती. कोणाला पत्ता नव्हता.

काकूंना वाटलं, पोरगा विसरला! कापाकापी त्यांच्या डोक्यातून साफ उडाली. त्या कुजबुजल्या. तो ढिम्म. जरा मोठ्याने कुजबुजल्या. त्याने नुसते डोळे वटारले.

शेवटी काकू ओरडल्याच, "अरे बाबा, सिंहासनाला चार पाय असतात, पण चालतं ते आमच्या खांद्यांवर!"

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मग टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. छप्पर उडतंय की काय!

पडदा पडताच साहेब तडक विंगेत. "कोण बोललं?"

"मी. तो अडला होता."

"अडलो नव्हतो हो काकू!" नटाने कपाळाला हात लावला. त्याला हसू आवरेना.

"उद्यापासून प्रयोग बंद," साहेब म्हणाले.

नटाचं हसू मावळलं.

बाहेर जिन्यावर ही गर्दी. साहेब वाट काढत उतरत होते, मागे काकू. "अहो, चूक माझी. मला काढा, पण नाटक चालू द्या!"

मध्येच एक गृहस्थ बायकोला हातवारे करून सांगत होता, "सिंहासनाला चार पाय असतात, पण... पण..."

त्याची गाडी तिथेच अडली.

काकू थबकल्या. साहेबांनी वळून बोट उगारलं. "खबरदार!"

या वेळी काकू काहीही विसरल्या नव्हत्या. पण अडलेल्याला तसंच सोडून पुढे जायचं, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"चालतं ते आमच्या खांद्यांवर," त्या म्हणाल्या. चांगल्या खणखणीत आवाजात.

आणि अख्खा जिना तेच म्हणत खाली उतरला, रस्त्यावर.