उमरोळीला नेलेलं डालगं

कोंबड्यांची मर आली की चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या डालग्यात घालून दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवायच्या आणि मर सरली की परत आणायच्या, ही आमच्याकडची रीत. आईनं केलं तेच मी केलं.

बोईसरला कारखाने वाढत होते तेव्हाची गोष्ट. शेजारणीच्या कोंबड्या हिरवट हगायला लागल्या, मग माना वाकड्या होऊन पडायला लागल्या. मी माझ्या सात कोंबड्या उचलून उमरोळीला धाकट्या बहिणीकडे नेल्या. ती विधवा. अंडी विकून तिचं तेलमीठ चालायचं.

"यांना काय झालंय?" तिनं विचारलं.

"काय नाय. चांगल्या दाणे टिपतात."

"मग सोड, बाय. माज्या कोंबड्यांना पावण्या."

पंधरवड्यात माझ्या सात मेल्या आणि तिच्याही सगळ्या मेल्या. खुराडं रिकामं झालं, एवढाच तिचा निरोप आला. मी गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

पुढे पावसाळा सरल्यावर गुरांचे डॉक्टर गावात लस टोचायला आले. मी दोन तरण्या कोंबड्या घेतल्या होत्या, त्यांना टोचून घेतलं. मग विचारलं, माझ्या धडधाकट कोंबड्यांबरोबर रोग तिकडे गेला कसा?

ते म्हणाले, "हा विषाणू. बाहेर नुसता पडलेला असला तर खात नाही, वाढत नाही. एकट्यानं त्याला काहीच जमत नाही. कोंबडीचं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. त्या पेशीत तो शिरतो आणि तिलाच राबवून आपल्यासारखे ढीगभर करून घेतो. पेशी मरते, ते सगळे शेजारच्या पेशींत शिरतात. पुष्कळ पेशी मेल्या की मग मान वाकते. त्याआधी चार-सहा दिवस कोंबडी चांगलीच दिसते. म्हणून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवावी."

म्हणजे मी रोगाला डालग्यात घालून, तिकीट काढून बहिणीच्या घरी पोचवलं होतं.

त्या दोन कोंबड्या घेऊन मी उमरोळीला गेले. डॉक्टर बोलले ते सगळं तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "पयली मान तुज्या तांबडीची वाकली."

"मग बोलली का नाय?"

"बोलून कोंबड्या उठल्या असत्या काय?"

मी डालगं पुढे सरकवलं. तिनं त्याला हात लावला नाही.

"पंधरा दिवस वेगळ्या ठेवायच्या म्हनतेस ना? मग तुज्याच घरी ठेव. नंतर आन."

तिचं बरोबर होतं. चहासुद्धा न पिता मी डालगं डोक्यावर घेतलं आणि स्टेशनवर येऊन बसले. पाय दुखत होते. गाडीला वेळ होता.

पंधरा दिवसांनी परत नेल्या, तेव्हा तिनं खुराड्याचं दार उघडलं.