हसनचाचांचा रत्नदुर्ग

पाहुण्यांना रत्नदुर्ग दाखवता दाखवता किल्ला पाठ होतोच, पण किस्से त्याहून जास्त साठतात. आमच्याकडे तर खंडीभर साठलेत! आम्ही तिघं: शाळेत इतिहास शिकवणारा मी, किल्ल्यावरच्या भगवतीचा गुरव बापू आणि जवळच्या मांडवी बंदरावरचे हसनचाचा. गलबतावरची तांडेलकी, म्हणजे खलाशांची मुकादमी, सुटल्यावर चाचा आमचे बिनपगारी गाईड झाले. त्यांचा एकुलता एक अन्वर मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता. चाचांना वाचता येत नसे, म्हणून पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. आठ महिने एकही आलं नव्हतं.

*

पुण्याच्या एका प्रोफेसरांनी किल्ल्यातल्या भुयाराशी वही काढली. "लांबी किती?"

"आत गेलेला कोन सांगायला परत आला नाय, साहेब. माप कोन देनार?"

प्रोफेसर खो खो हसले. चाचा मात्र बराच वेळ भुयारातच बघत राहिले.

*

इंग्रजांनी इथं कैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाचा गावातला राजवाडा बघून मुंबईच्या एक बाई म्हणाल्या, "एवढा थाट! काय कमी होतं हो त्याला?"

"दर्या दिसायचा, बाय. आगबोट दिसायची. घरी जायला मिळायचं नाय."

पुढचा इतिहास गाळून मी बाईंना बाहेर आणलं!

*

मुंबईचा पाहुणा दिसला की चाचा विचारायचेच, "आमचा अन्वर भेटला काय?"

एक कारकून म्हणाला, "अहो चाचा, मुंबई केवढी मोठी!"

"मोठी असंल. पन उतरायचं बंदरावरच ना?"

बंदरावर विचारतो म्हणाला बिचारा.

*

शेवटी पत्र आलं. अक्षर परक्याचं होतं. आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरात अन्वर तापानं वारला, तिथंच दफन केला. मी सगळं वाचून दाखवलं आणि रडलोही मीच.

दुसऱ्या सकाळी देवरूखच्या एका कुटुंबाला किल्ला दाखवायचं कबूल केलं होतं. म्हटलं, "चाचा, आज राहू दे."

"बोलावलंय ना, मास्तर? मग चला."

चाचा नेहमी देवळाच्या पायरीवरच बसायचे, तसे त्या दिवशीही बसले. पाहुण्यांचा नारळ ठेवताना बापू दर वेळी अन्वरसाठीही देवीला गाऱ्हाणं घालायचा. पत्राचं त्याला अजून ठाऊक नव्हतं. मी खूण करेपर्यंत त्यानं सुरुवात केलीच!

"आई भगवती, हसन तांडेलाचा लेक दर्यापार हाय. त्याला सुखरूप घरी आन!"

गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या रिवाजाप्रमाणे देवरूखची मंडळी एका सुरात म्हणाली, "व्हय महाराजा!"

मग मागून, पायरीवरून चाचांचा आवाज आला, "व्हय महाराजा!"