इराला सांगायचं नाही

मंगळवारी सकाळी इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो... खिशातला फोन वाजला. मुलीचा, इराचा. तिच्याकडे दुपारचा एक वाजला असणार. या वेळी ती कधी फोन करत नाही.

इरा एकोणीस वर्षांची. ऑगस्टपासून डेन्मार्कमध्ये एका फोक हायस्कूलमध्ये राहते. नावात हायस्कूल असलं तरी ती शाळा नव्हे... अठराच्या पुढची मुलं, बरीचशी डॅनिश, बाकी जगभरातली, चार-पाच महिने एकत्र राहतात आणि शिकतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्री तर नाहीच. कॉलेज एक वर्ष पुढे ढकलून ती तिकडे निघाली, तेव्हा मी महिनाभर तोंड फुगवून बसलो होतो.

'मग तिथे करतात तरी काय?' हा माझा प्रश्न. उत्तर ती दर आठवड्याला देत होती. नाश्ता झाला की सगळे हॉलमध्ये जमून गाणं म्हणतात. सूर लागो न लागो, म्हणायचंच. मग कोणाला काही सांगायचं असेल तर उभं राहून सांगायचं... हरवलेला मोजा, वाढदिवस, काहीही.

दुपारी मातीकाम, म्हणजे पॉटरी. आणि आळीपाळीने नव्वद जणांची भांडी, बाथरूमसुद्धा. घरी स्वतःचा कप सिंकपर्यंत न नेणारी माझी लेक तिथे हातभर खोल पातेली घासत होती!

हे सगळं ती साताऱ्याला माझ्या आईलाही सांगायची. इराचं मराठी मोडकंतोडकं, आईचं इंग्रजी शून्य. तरी दोघींचे व्हॉइस मेसेज दिवसाआड चालू असायचे.

महिन्यापूर्वी आई गेली. झोपेतच. मिळेल त्या विमानाने मी साताऱ्याला पोचलो. निघताना मेधाला, माझ्या बायकोला, बजावलं की इराला इतक्यात सांगायचं नाही. परक्या देशात एकटी आहे, चार वाजता अंधार पडतो, उगाच डिस्टर्ब होईल... मेधाला हे अजिबात पटलं नव्हतं. पण त्या दिवशी तिने माझ्याशी वाद घातला नाही.

खरं म्हणजे आमच्या घरातली ही रीतच. माझे आजोबा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना गेले, आणि मला कळलं ते शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर. तेव्हा मी आईशी चार दिवस बोललो नव्हतो. इराला ही गोष्ट मीच सांगितलेली. आणि आता तेच मी केलं, डोळे मिटून.

दहाव्याच्या दिवशी आईच्या फोनवर इराचा मेसेज आला. तिकडे बाहेरच्या देशांतली मुलं एकेका शनिवारी सगळ्यांसाठी आपलं जेवण करतात. आता तिची पाळी होती. 'आजी, पिठलं कसं करतेस?'

मी आईच्या फोनवरून उत्तर टाइप केलं. फोडणी, पाणी, बेसन कसं भुरभुरवायचं, गुठळ्या कशा मोडायच्या... सांगताना लाज वाटते, पण पाठवल्यावर मला हायसं वाटलं.

माझ्या आईने जन्मात कधी मेसेज टाइप केला नव्हता. आणि 'जेवलीस का' विचारल्याशिवाय तिचा एकही मेसेज सुरू व्हायचा नाही. दहा दिवस आजीचा आवाज नाही, आणि आता हे... इराला त्याच क्षणी कळलं.

तरी तिने पिठलं केलं. नव्वद जणांचं. आणि आम्ही सांगू म्हणून वाट पाहत राहिली... मी परत आलो, तिच्याशी दोनदा बोललो, फोटो पाहून 'वा, मस्त' म्हटलं. पण सांगितलं नाही.

हे सगळं तिने मंगळवारी शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, इथे तर एक्झामपण नाहीये. तू मला कशापासून वाचवत होतास?"

त्या दिवशी सकाळी गाणं झाल्यावर ती हॉलमध्ये उभी राहिली होती. माझी आजी गेली, आणि मला ते माहीत आहे हे आईबाबांना माहीत नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं. एका शिक्षिकेने आजीचं नाव विचारलं, मेणबत्ती लावली, आणि सगळ्यांनी आणखी एक गाणं म्हटलं. डॅनिश. इराला निम्मे शब्द कळले नाहीत.

दुपारी भांड्यांची पाळी तिचीच होती. आज राहू दे म्हणाले, पण ती गेली. तिची घानाची रूममेट, जिची पाळी नव्हती, ती शेजारी उभी राहून शेवटपर्यंत ताटं पुसत राहिली. तिथूनच, हात पुसून, इराने मला फोन केला होता.

मी "सॉरी बाळा" म्हटलं. मग तिने विचारलं, "मी नव्वद लोकांना सांगितलं, बाबा. तिकडे तू कोणाला सांगितलंस?"

फावडं हातात तसंच राहिलं... ऑफिसमध्ये मी नुसतं 'फॅमिली इमर्जन्सी' लिहून गेलो होतो. परत आल्यावर मीटिंगमध्ये कोणीतरी ट्रिप कशी झाली विचारलं, मी 'गुड' म्हटलं. देवळाच्या पार्किंगमध्ये आपल्या मराठी मंडळातल्या एक काकू भेटल्या, आई कशी आहे म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, 'बरी आहे.'

कोणालाच नाही सांगितलं. बर्फात उभा राहून मी ढसाढसा रडलो, महिन्याभरात पहिल्यांदा. इरा फोनवर थांबून राहिली.

म्हणून आज मंडळाच्या या ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना सांगतोय. माझी आई, सुमन, गेली. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा, मी तुमच्याशी खोटं बोललो.

शनिवारी संध्याकाळी घरी या. काही आणू नका... मला आईबद्दल बोलायचंय, आणि ते एकट्याने होत नाहीये.