गावभर वाटलेली गोळी

माझ्या आईच्या माहेरी माणसं पोटानं जायची. पोट फुगायचं, हातापायाच्या काड्या व्हायच्या, डोळे पिवळे पडायचे आणि माणूस जायचा. आजी तशी गेली. मोठा मामा ऐन उमेदीत तसाच गेला. दवाखान्यात सुईनं पोटातलं पाणी काढायचे, घरी येईपर्यंत ते पुन्हा भरायला लागायचं. गावात कोणी याला करणी म्हणायचं, कोणी नशीब. या दोन आजारपणांत घरात विकण्यासारखं जे होतं ते विकलं गेलं, आणि आईचं लग्न धाकट्या मामानं खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाचे बोद, म्हणजे मोठाली पोती, वाहून लावून दिलं. जावई शोधला तोही तिथलाच हमाल. ते माझे वडील. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, माहेर-सासर दोन्हीकडची पहिली. हे मी कुठंही सांगते, कारण मला ते फुकट मिळालेलं नाही.

तर अशा घरातल्या माझ्या धाकट्या मामाएवढं औषधावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लोक देवळात जातात तसा मामा दवाखान्यात जायचा, स्वच्छ धोतर नेसून, कपाळाला गंध लावून. जो डॉक्टर सुई देत नाही तो मामाच्या हिशेबी कंपाउंडर, आणि जो सलाईन लावत नाही तो शिकाऊ. लग्नसराई संपली की त्याला काही झालेलं नसतानाही तो एक सलाईन लावून घ्यायचा, जसं लोक हंगाम संपल्यावर मळणीयंत्राला तेल-पाणी करतात. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत गावातल्या कोणाकोणाच्या उरलेल्या गोळ्या असायच्या. त्या तो पाण्याबरोबर गिळायचा नाही, चावून खायचा. "गिळली तं पोटाले समजते, जिभेले काय समजन?" असं त्याचं म्हणणं. कडू गोळी त्याला इमानदार वाटायची आणि साखरेचं कवच असलेली लबाड. आणि जी गोळी त्याला लागू पडली ती तो समोरच्याला दिल्याशिवाय राहायचा नाही. गुडघे दुखतात म्हणून आलेल्या पाहुण्याला त्यानं एकदा जंताची गोळी दिली होती. पाहुणा म्हणे, बरं वाटलं.

मामाचा धंदा आचाऱ्याचा. वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, एवढंच तो करायचा. पण शेगावपासून जळंबपर्यंत मारोतीपुढचं रोडग्याचं जेवण मामाशिवाय व्हायचं नाही. यजमानानं आणलेली वांगी पसंत पडली नाहीत तर तो अख्खं पोतं परत पाठवायचा. "हे वांगे नोहेत बे, याले आंबाड्याच्या भाजीचं बी पाप लागन," असं काहीतरी अगम्य बोलून तो चुलीपासून उठायचा, आणि यजमान त्याच्या मागं हात जोडत फिरायचा. मामाला मूलबाळ नव्हतं. पंगतीतली सगळी पोरं त्याचीच. शेवटचा माणूस उठेपर्यंत तो घास तोंडात घालत नसे. मग कढईच्या बुडाला लागलेली तर्री रोडग्याच्या तुकड्यानं पुसून उभ्या उभ्या खायचा. मामी म्हणायची, "याहीचं लगन माह्यासंग नाही, पंगतीसंग लागलं."

एका जयंतीला गावात रक्तदानाचं शिबिर झालं. सुई टोचून घ्यायची आणि वर बिस्किटाचा पुडा मिळतो म्हटल्यावर मामा रांगेत पहिला. काही दिवसांनी रक्तपेढीचा फोन आला, की तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. तपासणीच्या कागदावर लॅबवाल्यानं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असं, लिव्हर पोखरणाऱ्या या विषाणूच्या खुणेचं जुनं नाव लिहिलं होतं. मामा तो कागद चौकात सगळ्यांना दाखवत फिरला. "मी जिंदगीत मलकापूरच्या पुढं गेलो नाई, आन् मले बिमारी पाहा कुठली."

मला मात्र तो कागद पाहून हसू आलं नाही. आजी आणि मोठा मामा कशानं गेले ते मला त्या दिवशी कळलं. मी मामाला घेऊन अकोल्याला पोटाच्या डॉक्टरांकडं गेले. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. दवाखान्याच्या भरल्या बाकांमधून मी नंबर लावून परत आले, तर या माणसानं तिथंच वाकून माझ्या पायाला हात लावला. "साक्षात देवी घेऊन आली मले," हे त्यानं शेजारच्या पेशंटला सांगितलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, बरगडीवर टकटक करून लिव्हर किती कडक झालंय ते सांगणारं मशीन लावलं, आणि म्हणाले, "आत्ता औषधाची गरज नाही. विषाणू झोपलाय. दर सहा महिन्यांनी तपासायचं. तो जागा झाला तर गोळी सुरू करू. आणि हा आईकडून मुलांना जन्मताच लागतो, तेव्हा तुमच्या बहिणीलाही तपासायला आणा."

मामाचा चेहरा उतरला. "सायेब, झोपला हाये तं झोपीतच मारून टाका ना."

"झोपलेल्यावर ही गोळी फारसं काही करत नाही. जागा झालेल्याला ती आवरते."

"मंग एखादी सुई तरी?"

"सुई नाही."

"सलाईन?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

 परतीच्या एसटीत खामगाव आल्यावर मामा म्हणाला, "माय, तुह्या डॉक्टरले काही येत नाही." पण माझ्या शब्दाखातर तो सहा-सहा महिन्यांनी तपासायला येत राहिला. आईनं मात्र यायचं नाव काढलं नाही. "मी ठणठणीत हाये, मले कायले टोचता?"

काही वर्षांनी विषाणू जागा झाला. लिव्हर कडक व्हायला लागलं होतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज एक, आणि बजावून सांगितलं, "मी म्हणेपर्यंत बंद करायची नाही. मध्येच सोडली तर तो चवताळून उठेल." मामाला झालेला आनंद काय सांगू. अखेर औषध मिळालं. त्यानं गल्लीत पेढे वाटले. गोळी सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायची; दर महिन्याला तो गंध लावून बाटली आणायला जायचा. जवळजवळ वर्षभर त्यानं ती नेमानं खाल्ली, चावून. चव विचारली तर म्हणायचा, "खडूसारखी हाये. पण मनानं चांगली."

मग एका पावसाळ्यात गावाच्या टाकीच्या पाण्यात घाण मिसळली आणि घरोघरी कावीळ आली. मी तेव्हा चिखलीला शाळेत शिकवत होते. रविवारी मामाला फोन करायचे.

"मामा, गोळ्या चालू हायेत ना?"

"एकही उरत नाही माय. महिना भरायच्या आतच बाटली रिकामी."

मला बरं वाटायचं.

दिवाळीआधी मी मामाच्या गावी गेले तेव्हा एसटीतून उतरताच एका बाईनं माझा हात धरला. "मास्तरीणबाई, तुमच्या मामाच्या गोळीनं माहं पोरगं उठलं. चार गोळ्यांत डोळे साफ." मी तशीच घरी गेले. मामा ओसरीवर लसूण सोलत बसला होता.

"मामा, तू त्या गोळ्या गावाले वाटल्या?"

"हाव. कावीळ होती ना लोकाईले."

"त्याहीची कावीळ पाण्यातून आलेली. ते आपोआप बरे होतेत. तुही येगळी हाये. ती गोळी तुह्यासाठी हाये."

"पण झाले ना बरे?"

"गोळी न खाता बी झाले असते."

"हे तुले काय माहीत? त्याहीनं तं खाल्ली."

विज्ञानाच्या पदवीधराला याचं उत्तर येतं. ओसरीवर बसून ते मामाला पटवता येत नाही. मी विचारलं, "आन् तुह्या वाट्याची?"

त्यानं लसूण खाली ठेवला आणि बोटानं खालची पापणी ओढून मला डोळा दाखवला. "पाह्य. हाये पिवळा? मले काय झालं? पोरं उपाशी बसले आन् आचाऱ्यानं आपलं ताट आधी वाढून घेतलं, असं कुठं पाह्यलं तू?"

आतून मामी म्हणाली, "त्याहीले सांगून फायदा नाई. घरातलं मीठ बी मागणाऱ्याले देऊन बसतेत."

मी दुसऱ्याच दिवशी नवी बाटली आणून मामीच्या हातात दिली. पण पावसाळाभर गोळी बंद होती, आणि डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. भाऊबीजेला आईनं मामाला ओवाळायला ताट हातात घेतलं तेव्हा दिव्याच्या उजेडात मामाचे डोळे हळदीसारखे दिसले.

अकोल्याला नेण्याआधी तासाभरात गाव दाराशी जमलं. ज्यांना त्यानं बरं केलं असं ते मानत होते, ते सगळे. एका म्हातारीनं पदराची गाठ सोडली. आत दोन गोळ्या होत्या. "घे बावा, उरल्या होत्या." मग दुसऱ्यानं खिशातून एक काढली. कोणी कागदाच्या पुडीत आणली, कोणी काडेपेटीत. मामा खाटेवर बसून त्या गोळ्या ओंजळीत घेत होता आणि प्रत्येकाला विचारत होता, "तुले बरं हाये ना पण आता?"

गोळी आता नेमानं चालू होती. पण आधीच कडक झालेल्या लिव्हरला हा दुसरा मार सोसला नाही. पोट फुगायला लागलं. सुईनं पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचं. आता त्याला रोज सलाईन होती, आणि तो तिच्याकडं बघायचाही नाही. डॉक्टरांनी लिव्हर बदलण्याचं, पुण्या-मुंबईचं नाव घेतलं. आम्ही ऐकून घेतलं. बाहेर येऊन आई आणि मी पायरीवर बसलो, आणि आईनं बटव्यातले पैसे मोजून बटवा पुन्हा बांधला.

आई त्याच्यासाठी दवाखान्यात डब्यातून मऊ भात आणायची. एक दिवस त्यानं डबा सारला. "तू आधी रक्त दे. तंच मी जेवतो." आई म्हणाली उद्या. तो म्हणाला, मी बी उद्या जेवतो. दुपार झाली तरी त्यानं घास घेतला नाही, तेव्हा आई उठली आणि खाली लॅबमध्ये जाऊन हात पुढं केला. माझं आणि माझ्या भावाचंही तेव्हाच तपासलं. आमचं साफ निघालं, आम्हाला लस दिली. आईच्या रक्तात विषाणू होता, आणि जागा होता.

तिची पहिली बाटली आली तेव्हा मामाला उठून बसवत नव्हतं. त्यानं ती हातात घेतली, हलवून पाहिली आणि बहिणीच्या हातात देऊन तिची मूठ दाबून धरली. "हे कोणाले देजो नको. पोरगं रडत आलं तरी देजो नको. तू एकटीच खाजो." जन्मभर सगळ्यांना वाढून मग जेवलेल्या माणसाला हे बोलताना किती जड गेलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो शेवटी रडला, पण पोटाच्या दुखण्यानं नाही.

उन्हाळा लागायच्या आत मामा गेला. तेराव्याला रोडगे केले. कच्चे राहिले. पंगतीनं तसेच खाल्ले.

आई रोज सकाळी गोळी खाते. गेल्या दोन तपासण्यांत तिच्या रक्तात विषाणू सापडला नाही. लिव्हर अजून मऊ आहे, असं डॉक्टर म्हणाले.