शहाजीची बुरुजावरची झोप

झोपण्यासाठी माणूस हवा होता. काम एका रात्रीचं, गादी नवी, जेवण कंपनीचं. तरीही माणूस मिळेना.

बुरूज कतारच्या उत्तर टोकाला, एका ओसाड गावाशेजारी, समुद्राकडे तोंड करून उभा होता. मोती काढायला गेलेल्या होड्या परत येताना दिसाव्यात म्हणून कोणे एके काळी बांधलेला. भिंती दोन हात जाड, वर जायला अरुंद जिना, माथ्यावर मोकळी गच्ची. वर्ल्डकपला नऊ महिने उरले होते आणि एवढे पाहुणे झोपवायचे कुठे, या चिंतेने सगळा देश जागा होता. जहाजात झोपवू, तंबूत झोपवू, कंटेनरमध्ये झोपवू, असं चाललेलं. त्या तडाख्यातून बुरूज तरी कसा सुटणार? 'ऐतिहासिक टेहळणी बुरुजात एक रात्र' अशी पाटीसुद्धा रंगवून तयार झाली. फक्त नियम असा होता की पाहुणे घ्यायच्या आधी एका माणसाने तिथे रात्रभर झोपून दाखवायचं आणि सकाळी फॉर्मवर सही करायची.

हे सगळं उल्का वैद्यच्या गळ्यात पडलं होतं. उल्का मूळची नाशिकची, दोह्यात मुंतझा भागातल्या फ्लॅटमध्ये राहणारी, आणि दिवसातून चाळीस वेळा 'डेडलाइन' म्हणणारी. तिने ऑफिसात विचारलं. इंजिनीअर लोकांनी आधी वायफाय कसं आहे ते विचारलं आणि मग बायकोला. तिचा ड्रायव्हर मुनाफ रत्नागिरीकडचा. तो म्हणाला, "मॅडम, तिथे जिन आहे. माझं सोडा, पण मला काही झालं तर तुमची गाडी कोण चालवणार?" हा मुद्दा बिनतोड होता.

मग मुनाफनेच शहाजीचं नाव काढलं. "सनायातल्या कामगार कॅम्पात एक साताऱ्याकडचा गडी आहे. गावी असल्याच मनोऱ्यात सहा वर्षं राहिलाय. डोंगरावर."

शहाजी नलवडे अठ्ठेचाळीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका डोंगरमाथ्यावर इंग्रजांच्या काळातला, वणव्यावर नजर ठेवायचा मनोरा होता, तिथे तो तरुणपणी पहारेकरी होता. कतारला येऊन तेरा वर्षं झाली, तर इथेही तेच. स्टेडियमच्या कामावर वेल्डिंग चालू असताना हातात आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन शेजारी उभं राहायचं, आणि वेल्डिंग संपल्यावर तासभर कुठे ठिणगी धुमसत नाही ना ते बघत बसायचं. याला फायर वॉच म्हणतात. लोक तासभर बसत, शहाजी दोन तास बसे. रात्रपाळी तो मागून घेई. तेरा वर्षांत त्याच्या पहाऱ्यात एकदाही आग लागली नाही, त्यामुळे त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. जिथे काही घडत नाही तिथल्या माणसाचं नाव विचारायला कोण जातं?

आता स्टेडियम उभं राहिलं होतं. वेल्डिंग संपलं, तशी माणसंही घरी जायला लागली. शहाजीचा महिना उरला होता. मुलगी कोमल साताऱ्यात नर्सिंग शिकत होती, तिची दोन वर्षं बाकी होती.

"शहाजीकाका, सिंपल आहे," उल्का म्हणाली. "एक रात्र झोपायचं. अप्रूव्हल आलं की बुरुजाला केअरटेकर लागणारच आहे. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, दिवसाची ड्यूटी, स्वतःची खोली. ते मी तुम्हालाच देणार."

"झोपायचं," शहाजी म्हणाला.

"हो. झोपायचंच फक्त."

शहाजीने मान हलवली. यात एकच अडचण होती. शहाजी बावीस वर्षं रात्री झोपला नव्हता. तो दिवसा झोपे. ही गोष्ट त्याने उल्काला सांगितली नाही, आणि तेवढ्यापुरतं त्याचं चुकलंच.

बुधवारी संध्याकाळी मुनाफने दोघांना बुरुजावर सोडलं. स्वतः तो गाडीतून उतरला नाही. खोलीत पांढरीशुभ्र चादर, खजुराचा डबा, आणि कंदिलासारखा दिसणारा पण बॅटरीवर चालणारा दिवा. पेट न घेणारा कंदील शहाजीला मनापासून पटला. कंदील असावा तर असा.

उल्काने फॉर्म काढला. तो आधीच भरलेला होता. तिने बोट ठेवत वाचून दाखवलं: पाहुण्यांची संख्या, एक. झोप, आठ तास. काही त्रास, नाही. "इथे सही करा म्हणजे झालं. सकाळी सातला मन्सूरसाहेब येणार, डिपार्टमेंटचे. उद्या गुरुवार, नंतर सुट्टी. रविवारी लिस्ट फायनल. तेव्हा माझी धावपळ नको."

"अजून झोपलो न्हाई, मॅडम."

"झोपाल हो."

"झोपल्यावर सही करतो."

"काका, फॉर्मॅलिटी आहे ती! सगळे असंच करतात."

"सगळे असंच करत्यात," शहाजी म्हणाला. "ठावं हाय मला." आणि पेन परत दिलं.

उल्काने कपाळाला हात लावला. पण मुनाफ खाली हॉर्न वाजवत होता, अंधार पडत होता, आणि जिनाचं म्हटलं तर तिलाही पुरतं खोटं वाटत नव्हतं. फॉर्म उशाशी ठेवून ती गेली.

दहा वाजता शहाजी आडवा झाला. दहा वीसला उठला आणि गच्चीवर गेला. आग्नेयेला आभाळाच्या कडेवर नारिंगी उजेड थरथरत होता. तिकडे गॅसचे कारखाने आहेत आणि ती ज्योत रात्रंदिवस जळतच असते, हे कतारात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शहाजीलाही माहीत होतं. तो खाली येऊन पडला. अकराला पुन्हा वर गेला. ज्योत होती तिथेच होती. बाराला गेला. अशा देशात, जिथे पेट घेईल असं एक झुडूपही नीट उगवत नाही, तिथे एक शहाणासुरता माणूस वाळूवर पहारा देत होता. खजुराच्या डब्याच्या झाकणावर त्याने खरं खरं लिहून ठेवलं: दहा वीस, जागा. अकरा, जागा. बारा, जागा. एक, जागा.

दोन वाजले तेव्हा तो काही लिहीना.

डोंगरावरच्या मनोऱ्यात एक वही असे. दर दोन तासांनी चारी दिशा बघायच्या आणि वहीत लिहायचं: सर्व ठीक. जाळ दिसला तर टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचा, म्हणजे खालच्या वाड्या जाग्या होतात. नवा असताना शहाजी दर दोन तासांनी लिहीत असे. मग जुन्या पहारेकऱ्याने त्याला शहाणं केलं. रात्री दहालाच सगळं लिहून टाकायचं. दहा, सर्व ठीक. बारा, सर्व ठीक. दोन, चार, सहा. सगळे असंच करायचे. आणि सहा वर्षं सर्व ठीकच होतं, त्यामुळे वही खोटी होती असंही म्हणता येईना.

फेब्रुवारीतल्या एका रात्री त्याने दहाला वही भरली आणि झोपला. पावणेदोनला वणवा दक्षिणेच्या अंगाने चढला. गवत वाळलेलं, वारा सुटलेला. खालच्या वाडीला जाग आली ती धुराने. माणसं वाचली. वाडीतल्या धनगराची पाच जनावरं गोठ्यात दाव्याला बांधलेली होती. ती तशीच राहिली.

चौकशीत साहेबाने वही मोठ्याने वाचली. "रात्री दोन वाजता: सर्व ठीक." अक्षर शहाजीचं होतं आणि चांगलं वळणदार होतं. नोकरी गेली, त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाडीतलं कोणी त्याला शिवी दिली नाही, त्याचं मात्र वाटलं. धनगर तर रस्त्यात भेटला की तब्येत विचारायचा. तेव्हापासून शहाजीने दोन नियम पाळले. रात्री झोपायचं नाही, आणि घडायच्या आधी काही लिहायचं नाही.

आता पहिला मोडला नाही तर नोकरी नाही, आणि दुसरा मोडायचा तर तो शहाजीच उरला नसता. अडीच वाजता त्याने फोन काढला. गावी पाच वाजले असणार. सत्यभामा, त्याची बायको, पाचला उठते.

"एवढ्या रातीचं?" ती म्हणाली. "बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. झोप येईना."

"तुमाला कवा येती?"

मग त्याने सगळं सांगितलं. बुरूज, गादी, फॉर्म, दोन वर्षं. ती ऐकत होती. मागे म्हैस हंबरत होती.

"तिथं जळाया काय हाय?" तिने विचारलं.

"वाळू."

"वाळू पेटती व्हय?"

"न्हाई."

"मग?"

बावीस वर्षांत शहाजी हे कोणापाशी बोलला नव्हता, तिच्यापाशीही नाही. "डोळा मिटला की दावी दिसत्यात," तो म्हणाला. "भ्या वाटतं गं मला."

पलीकडे म्हैससुद्धा गप्प झाली. अशा वेळी बायका काढतात तो मऊ आवाज सत्यभामेने काढला नाही. ती नेहमीसारखीच खेकसली.

"हे बघा. मी उठलेय. आता मी बघते. तुमी पडा."

"तू काय बघणार? तुला हितलं काय दिसतंय?"

"हितलं न्हाई दिसत. आपला डोंगर दिसतोय न्हवं दारातनं? त्यो बघते. तुमी नगा बघू आता. लई बघितलं. फोन बंद करू नगा, उशाशी ठेवा. काय झालं तर मी हाक मारते."

शहाजीने फोन उशाशी ठेवला. पावणेतीन वाजले होते. त्याने डब्याच्या झाकणावर लिहिलं: पावणेतीन, जागा. ती त्या रात्रीची शेवटची नोंद.

सकाळी सातला उल्का जिना चढून आली तेव्हा वरून घोरण्याचा आवाज येत होता. तिला आधी आनंद झाला आणि मग घाम फुटला, कारण मन्सूरसाहेब तिच्या मागोमागच चढत होते. पांढरा स्वच्छ पायघोळ थोब, हातात कागदी कपातला दाट दुधाचा करक चहा. "काका!" ती कुजबुजली. "शहाजीकाका, उठा!" शहाजीने कूस बदलली.

मन्सूरसाहेबांनी 'पुरे' असा हात वर केला. "खलास, खलास. सोने दो." कतारी माणूस आपल्या लोकांशी हिंदीत बोलतो ते असं. ते पायरीवर बसले आणि चहा पिऊ लागले. उल्काही बसली. तपासणीला आलेला सरकारी अधिकारी आणि प्रोजेक्ट सांभाळणारी बाई एका झोपलेल्या माणसासमोर अर्धा तास चिडीचूप बसून राहिली, आणि वर्ल्डकपचं एवढं सगळं काम त्या अर्ध्या तासापुरतं थांबलं.

साडेसातला शहाजीने डोळे उघडले. खिडकीतून ऊन आत आलेलं बघून तो ताडकन उठून बसला. चारी बाजूंना बघितलं. काही जळालं नव्हतं.

"शाब्बास, काका," उल्का म्हणाली. "आता तरी सही?"

शहाजीने फॉर्म घेतला, चष्मा लावला. 'आठ तास' वर रेघ मारली आणि लिहिलं: पावणेपाच. 'त्रास, नाही' वर रेघ मारली आणि मराठीत लिहिलं: होता, तुमचा नव्हे. मन्सूरसाहेबांनी कागदाकडे बोट दाखवून काय लिहिलंय ते विचारलं. तिने खरं ते सांगितलं. खोटं सुचायला वेळच मिळाला नाही. साहेबांनी तो ओळीवर ओळ खोडलेला कागद बघितला. मग तिच्या पिशवीतून डोकावणारे इतर जागांचे फॉर्म बघितले. सगळे स्वच्छ, सगळीकडे आठ तास.

"ये आदमी इधर रहेगा," ते म्हणाले. "इन्शाल्ला."

ही बातमी ऐकून शहाजी हसेल असं उल्काला वाटलं होतं. पण तो उशीकडे बघत होता. फोनचा पडदा उजळलेला होता आणि त्यावर आकडे अजून पळत होते: पाच तासांहून जास्त.

त्याने फोन कानाला लावला. "अगं?"

"हं."

"अजून हायस?"

"मग कुटं जाती?" सत्यभामा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. गावी दहा वाजून गेले होते. "म्हशीची धार काढायला कोमलीच्या आत्याला लावलं. दारातनं हलले न्हाई मी."

"काय झालं का?"

"काय व्हायचंय? पाच वाजता बघितलं, सात वाजता बघितलं, नऊ वाजता बघितलं." ती क्षणभर थांबली. "सर्व ठीक."

शहाजीने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. त्याचे डोळे भरून आले, आणि परक्या लोकांसमोर ते भरले याची त्याला लाज वाटली नाही. मग त्याने फॉर्म पुन्हा गुडघ्यावर घेतला आणि पहिल्या ओळीवर गेला. 'पाहुण्यांची संख्या, एक.' त्यावर रेघ मारून त्याने लिहिलं: दोन.

"काका," उल्का म्हणाली, "पण रात्री इथे तुम्ही एकटेच होता."

"न्हाई, मॅडम," शहाजी म्हणाला. त्याने खाली सही केली, घड्याळात बघितलं, आणि सहीपुढे वेळ घातली.