वळणावर वाजणारी गाडी

सिहोऱ्याकडचं ते वळण आता रुंद झालं आहे. तरी तिथून जाताना मी बोलणं थांबवते आणि ऐकत राहते. त्या एका गुन्ह्याने लावलेली सवय आहे, निवृत्तीनंतरही गेली नाही.

मी सातवी शिकून पोलिसात लागले आणि सहायक फौजदार होऊन घरी बसले. ही गोष्ट घडली तेव्हा मी हवालदार होते. नाव कोणाचंच लिहिणार नाही.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. सकाळी ठाण्यात फोन आला की वळणावर एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला ट्रॅक्टरने उडवलं आणि ट्रॅक्टरवाला पळाला. फोन करणारा धानाचा व्यापारी होता, ठाण्यात सगळ्यांच्या ओळखीचा. त्याने स्वतःचं नाव सांगून खबर दिली, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

जखमीला भंडाऱ्याला पाठवलं. पाय मोडला होता, डोक्याला मार होता, बोलता येत नव्हतं. मी पंचनामा केला. त्याच्या सदऱ्यावर काळ्या ग्रीसचे शिंतोडे होते. ठाणेदार साहेबांनी सदरा पाहिला आणि म्हणाले, "झालं. ट्रॅक्टरच."

वळणाजवळच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, एकच ट्रॅक्टर चिखलणी करत होता. त्याच्या चालकावर गुन्हा दाखल झाला, ट्रॅक्टर जप्त करून ठाण्याच्या आवारात उभा केला. त्याला जामीन मिळाला, पण गावाने त्याचा निकाल लावून टाकला होता. त्याला कोणी कामाला बोलवेना. म्हातारा दगावला तर कलम वाढणार होतं.

तो माझ्यासमोर उभा राहिला. रडला नाही, उलट चिडला.

"मॅडम, मी चिखलात होतो. लोखंडी चाकं लावून डांबरी रोडवर कोन जाते? तुमीच सांगा."

चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाकं लावतात. ती डांबरावर आली की रस्ता ओरबाडून काढतात. मी पुन्हा वळणावर गेले आणि वाकून रस्ता पाहिला. एक ओरखडा नव्हता.

साहेब म्हणाले, "चाकं नंतर चढवली असतील."

"साहेब, त्याला माणसं लागतात, वेळ लागतो. शेजारच्या बांधीत बाया होत्या. त्यांना दिसलं असतं."

"त्यांचे जबाब झाले ना? कोणीच काही पाहिलं नाही."

हे खरं होतं. रोवणाऱ्या बाया वाकून मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं लावतात. त्या दिवशी त्यांची पाठ रस्त्याकडे होती. आमच्या शिपायाने प्रत्येकीला विचारलं होतं, काय पाहिलं? प्रत्येकीने सांगितलं होतं, काही नाही. मी बांधावर जाऊन दुसरं विचारलं. काय ऐकलं?

त्यांच्यात एक वयस्क बाई होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली नाही.

"ट्रॅक्टर तं आमच्या बाजूलेच घर्रघर्र करून राहिला होता. तो बंदच नाही झाला. मंग एक लहान गाडी आली. वळणावर कटकट कटकट वाजली. धाडकन झालं, मले वाटलं काई पडलं असन. मंग गाडी तिथंच वळवली अन् आली तिकडेच गेली. वळवताना तं लयच वाजली."

"आणि सरळ गेल्यावर?"

"सरळ झाली अन् चूप झाली."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमच्या पोरानं पायलं का म्हणून इचारलं. आमी नाही म्हटलं. खोटं काय सांगितलं व?"

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. जबाब पुन्हा लिहून घेतला.

तुमसरला एक मेकॅनिक होता, जुन्या गाड्यांचं काम करायचा. मी आवाजाचं वर्णन केलं. त्याने लगेच सांगितलं की पुढचं चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला असणार. त्या जॉइंटवर रबराचा बूट असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, माती आत जाते आणि आतले छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, झिजतात. सरळ रस्त्यावर गाडी गप्प असते, स्टेअरिंग वळवलं की कटकट करते.

"उजव्या वळणावर वाजली तर?"

"मंग बहुतेक डाव्या चाकाचा."

सायकलवाला आणि गाडी ज्या दिशेने जात होते, त्या दिशेने ते वळण उजवीकडचं होतं. सायकलवाला रस्त्याच्या डाव्या कडेने चालला होता, म्हणजे गाडीचं डावं चाक त्याच्या अंगाशी होतं. सदऱ्यावरचे शिंतोडे कुठून आले ते तिथेच कळलं. सदरा नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवला, सोबत ट्रॅक्टरच्या ग्रीसचा नमुना दिला.

मग खबर देणाऱ्याचा सविस्तर जबाब घ्यायला मी व्यापाऱ्याकडे गेले. अंगणात त्याची लहान जुनी गाडी उभी होती. मी पदर खोचला, वर्दीत नव्हते त्या दिवशी, आणि जमिनीवर झोपून गाडीखाली पाहिलं. उजव्या शाफ्टचा बूट जुना, भेगाळलेला होता. डाव्याचा कोरा, काळा कुळकुळीत. चाकाच्या आतल्या पत्र्यावर मात्र उडालेलं ग्रीस तसंच चिकटलेलं होतं.

"हे काय करून राहिल्या मॅडम? चहा घ्या."

"चहा नंतर. हे रबर कधी बदललं?"

"झाला असन महिना."

"गाडी वळताना वाजायची का?"

"छे. गाडी एकदम चोख आहे. चालवून पाहा."

चालवून पाहिली. वाजली नाही. तो हसला. मी त्याच मेकॅनिककडे परत गेले. त्याने डोकं हलवलं. नुसतं रबर चढवून नवं ग्रीस भरलं की आवाज दबतो, पण छर्रे झिजले असले तर चाक पूर्ण वळवून गाडी गोल फिरवत राहा, परत वाजेल. दुरुस्ती करायची तर अख्खा जॉइंटच बदलावा लागतो.

मी साहेबांची परवानगी काढली. राईस मिलच्या आवारात, पंचांसमोर, तीन जुन्या गाड्या उभ्या केल्या. त्या बायांना बोलावलं आणि गाड्यांकडे पाठ करून बसवलं. ही काही कायद्यातली ओळख परेड नव्हती, हे मला माहीत होतं. पण चाचणी करायला कोणी अडवलं नव्हतं.

पहिल्या दोन गाड्या फिरून गेल्या. बाया गप्प. व्यापाऱ्याची गाडी उजवीकडे पूर्ण वळवून फिरवायला सांगितली. काहीच नाही.

"झालं का समाधान?" व्यापारी म्हणाला.

"फिरवत राहा," मी चालकाला म्हटलं.

ऊन चढलं. गाडी गोल गोल फिरत राहिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग एक बारीक कट ऐकू आला. पुन्हा कट. पुढच्या फेऱ्यात कटकट कटकट, थांबेचना.

ती वयस्क बाई मागे न वळता म्हणाली, "हेच व बाई. हेच ते."

व्यापारी तिथेच धान्याच्या पोत्यावर बसला. मी त्याला दमदाटी केली नाही. एवढंच विचारलं, "थांबला का नाहीत?"

"थांबलो होतो. खाली उतरलो. मले वाटलं मेला. बाजूले ट्रॅक्टर दिसला." पुढचं सांगायची गरज नव्हती.

गाडीचं काम अपघातानंतर लगेच, बपेऱ्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात केलं होतं. तिथल्या मेकॅनिकने जबाब दिला: मी जॉइंट बदला म्हटलं होतं, ते म्हणाले घाई आहे, रबर चढव फक्त. प्रयोगशाळेचा अहवाल आला, सदऱ्यावरचं ग्रीस ट्रॅक्टरचं नव्हतं. म्हातारा वाचला, लंगडत का होईना चालू लागला. व्यापाऱ्यावर दोषारोपपत्र गेलं.

ट्रॅक्टर सोडायचा हुकूम मात्र चाचणीनंतर लगेच, रोवणी चालू असतानाच झाला. तेव्हा चालक म्हणाला, अंधार पडल्यावर नेतो, लोक पाहतात. मी नाही म्हटलं. त्याला भर दिवसा गावासमोर पकडून नेलं होतं, तर सोडायचाही गावासमोरच. तो ट्रॅक्टरवर पुढे, मी ठाण्याच्या जीपमध्ये मागे. चौकात जीप थांबवून मी उभ्याने सांगितलं की या माणसाचा काही गुन्हा नव्हता, चूक आमची होती. लोक ऐकत होते. एकाने तिथेच त्याला विचारलं, "उद्या आमच्या बांधीत येतं का गा?"

या प्रकरणातून मी एवढं शिकले की माणसं आपण विचारतो तेवढंच सांगतात. त्यांचा दोष नसतो, प्रश्नाचा असतो. आणि दाबलेली गोष्ट तपासायची तर ती जिथे दाबली आहे तिथेच जोर देत राहायचं, कंटाळायचं नाही.

परत येताना वळणावर बाया रोवतच होत्या, पाठ आमच्याकडे. जीप वळली तशी ती वयस्क बाई वाकलेलीच ओरडली, "मॅडम, तुमच्याही गाडीखाली काहीतरी ढिलं आहे व!"

दुसऱ्या दिवशी जीप मेकॅनिककडे नेली. शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या सांध्यातला लोखंडी तुकडा, झिजून गेला होता.