उजेडाचा माग

शाळेत माझ्याशिवाय सगळ्या शिक्षकांचं ते प्रदर्शन बघून झालं होतं. किल्ल्याजवळच्या बागेत ऐन थंडीत पाच दिवस प्रकाशाच्या कलाकृती मांडल्या होत्या. मधल्या सुट्टीत एक बाई काचेच्या झाडाबद्दल सांगायच्या, दुसऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या कंदिलांबद्दल, आणि मी निमूटपणे डबा खात ऐकायची. चौथ्या दिवशी मी नवऱ्याला बजावलं, आज जायचंच, सहाला तयार राहा.

सासरे, म्हणजे मामा, येणार नव्हते. "लाइट बघायला जायचं? घरात हाय की लाइट!" म्हणाले. मामांनी आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणल्या. त्या खडखडाटात कान गेले, त्यामुळे साधं बोलणंसुद्धा ते शेजारी माग चालू असल्यासारखं बोलतात. आज आमच्याकडे भाजी कुठली, ते अख्ख्या गल्लीला कळतं. कानात घालायचं यंत्र आणलंय, ते कपाटात असतं.

मी चपला घातल्या तेव्हा मामांनी विचार बदलला. मग कानटोपी सापडेना. ती सापडली तर नवऱ्याला गाडी लावायला जागा सापडेना. बागेच्या दारात पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि माझं डोकं तापलं होतं.

आत तोबा गर्दी. बरं, दिवे बघत कुणीच नव्हतं. सगळे दिव्यांकडे पाठ करून उभे, मोबाइल वर धरलेले. पहिल्याच कमानीपाशी एका कुटुंबाचे फोटो संपेपर्यंत आम्ही ताटकळलो. ते संपले तर माझ्याच नवऱ्याने फोन काढला आणि चालत चालत व्हिडिओ करत दिसेनासा झाला. मी मामांचा हात धरला आणि पुढे निघाले.

पुढे माग होता. दोन पुरुष उंच, पांढऱ्या नळ्यांचा. उभ्या नळ्या म्हणजे ताणा, आडव्या म्हणजे बाणा, आणि मधून आडवा दोरा ओढून नेणारा एक निळा धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळायचा. सुंदर होता. मला वाटलं, मामांना आवडेल. त्यांनी मान तिरकी करून दोन-तीन फेऱ्या बघितल्या आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"हे चुकलंय!"

"मामा, हळू."

"अगं, ताणा उघडतच न्हाय! धोटा जाणार कुटनं?"

लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, कला आहे ती, खराखुरा माग नाही. हे त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेलही. त्यांनी दोरी ओलांडली. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. ती तर त्यांना नक्कीच ऐकू गेली नाही. मी दोरीच्या अलीकडून "मामा, मामा" करतेय, पहारेकरी "ओ आजोबा" करतोय, आणि मामा नळीला बोट लावून "ही वर जायला पायजे, ही खाली" असं सांगतायत.

मागच्या बाजूने एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तिनेच तो माग केला होता, पुण्याहून आली होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "नाही नाही, बोलू द्या ना त्यांना."

हे तिने म्हणायला नको होतं.

मामांनी मला दोरीच्या आत बोलावलं. "हात वर कर. बोटं पसर." मी पसरली. तीसेक माणसांसमोर, शाल खांद्यावरून घसरतेय, आणि मी दोन्ही हात वर करून उभी. मामांनी माझं एकाआड एक बोट पुढे ओढलं आणि मधल्या फटीतून स्वतःचं बोट आरपार नेलं. मग पुढची बोटं मागे, मागची पुढे, आणि बोट परत. "निम्मे दोरे वर, निम्मे खाली. मदनं धोटा. कळलं का? चूडू, चूडू!" मामा रंगात आले की तेलुगूवर जातात; चूडू म्हणजे बघ. ती मुलगी बघतच होती. गर्दीही बघत होती, म्हणजे माझं चित्रीकरण करत होती. पहिल्या रांगेत मला नवरा दिसला. फोन वर धरून तो हसत होता.

मुलगी म्हणाली, नळ्या हलवता येणार नाहीत, पण एकाआड एक मंद करता येतील. मग ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मी मामांना म्हटलं, तोवर आपण काचेचं झाड बघून येऊ. मामा म्हणाले, "माग सोडून जायचं नसतं." गार वारं सुटलं होतं. नवऱ्याने भजी आणली आणि बापलेकांनी ती उभ्या उभ्या फस्त केली.

पाऊण तासाने निम्म्या नळ्या मंदावल्या, निम्म्या उजळल्या, निळा धोटा त्यांच्यातून गेला, मग उरलेल्या उजळल्या आणि धोटा परत आला. खरंच कापड विणलं जातंय असं वाटलं. मामा कानटोपी वर सरकवून, ओठ हलवत, फेऱ्या मोजत राहिले. मालकाने त्यांचा माग भंगारात विकला त्या दिवसानंतर त्यांना कशाकडे इतकं एकटक बघताना मी पाहिलं नव्हतं.

मुलीने विचारलं, "आता बरोबर?"

"बरोबर हाय," मामा म्हणाले. "पण लई सावकाश चाललाय. मालक हाकलून दील."

तेवढ्यात बाग बंद होत असल्याची घोषणा झाली.

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर काचेचं झाड बघायला मी एकटीच जायचं ठरवलं होतं. घरी आले तर मामा नव्हते, फोनही उचलत नव्हते. नवरा म्हणाला, "रिक्षाने बागेत गेलेत, चारलाच." मला शोधत जावं लागलं. पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसून, मागासमोर जमलेल्या कॉलेजच्या मुलींना ते समजावत होते. मला बघताच म्हणाले, "आलीस? बरं झालं. ये, हात वर कर."